हा बाण कुणाचा?

गणपती गेले आणि आमच्या नातीचा अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या चाचणीचा पेपर घरी आला. वीसपैकी पाच. दहावीला विज्ञानात नव्वदच्या वर गुण मिळवलेली मुलगी. रात्री जेवताना कुणी तो विषय काढला नाही. शेवटी भात कालवता कालवता तिनेच सांगून टाकले, "मला फिजिक्सचं डोकंच नाही. मी कॉमर्सला जाते." दुसऱ्या दिवशी तिच्या बाबांनी कॉलेजातून शाखा बदलण्याचा अर्ज आणून टीव्हीच्या खालच्या खणात ठेवला.

तो अर्ज मी ओळखतो. पन्नास वर्षांपूर्वी मीही तो भरला होता.

१९७५ साली दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली, ती आमची. अकरावी सायन्सला प्रवेश घेतला. न्यूटनचा तिसरा नियम शिकवला गेला, तेव्हा मी उभे राहून एक प्रश्न विचारला. बैल जेवढ्या बळाने गाडीला पुढे ओढतो, तेवढ्याच बळाने गाडी बैलाला मागे ओढते, असे नियम सांगतो. मग दोन्ही बळे कटली. गाडी हलते कशी? वर्ग हसला. सर म्हणाले, "गाडी हलते की नाही? मग झालं. नियम पाठ कर." सरांना मी आज दोष देत नाही. ऐंशी-नव्वद मुले, फळ्याएवढीच खडूची धूळ आणि संपवायचा अभ्यासक्रम. पण तो प्रश्न घशात अडकलेल्या घासासारखा राहिला आणि त्यापुढचे काही खाली उतरेना. वर्ष संपण्याआधी मी कॉमर्सला होतो. पुढे बँकेत लागलो, चौतीस वर्षे खातेवह्या पाहिल्या, चार कादंबऱ्या लिहिल्या. तक्रार नाही. पण माणसाने निर्णय स्वतः घ्यावा. न सुटलेल्या बैलगाडीने घेऊ नये.

म्हणून मी नातीचा पेपर मागून घेतला.

पहिलाच प्रश्न असा: एक चेंडू सरळ वर फेकला आहे. हात सुटल्यानंतर, वर जात असताना, त्याच्यावर कोणकोणती बळे काम करतात ते काढून दाखवा. हवेचा विरोध धरू नका. तिने दोन बाण काढले होते. वर जाणारा मोठा बाण, त्याला नाव 'फेकण्याचे बळ'. खाली येणारा लहान बाण, 'वजन'. त्यावर लाल फुली. फुलीशेजारी एक अक्षरही नाही.

खरे सांगतो, मीही तेच काढले असते. हातात पेन्सिल असेल तर वाचकांनीही काढून पाहावे. चेंडू वर जातो आहे, म्हणजे त्याला वर नेणारे काहीतरी असणारच, असे मन ठासून सांगते. उत्तर मात्र एकच बाण आहे, खाली जाणारा. हात सुटला की हाताचा रेटा संपला. चेंडू वर जातो तो त्याला आधीच मिळालेल्या वेगामुळे. वेग ही चेंडूची अवस्था आहे, त्याच्यावर कुणी लावलेले बळ नव्हे. पृथ्वी त्याला सतत खाली ओढते आणि तो वेग खात जाते. अगदी टोकाला, जिथे चेंडू क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, तिथेही ती ओढ तेवढीच असते. तिथे ती संपली असती, तर चेंडू खाली आलाच नसता.

या चित्राला इंग्रजीत फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. फ्री म्हणजे मोकळी, आजूबाजूच्या सगळ्यांतून सोडवून घेतलेली वस्तू. एक वस्तू निवडायची. बाकीचे जग कागदावरून पुसून टाकायचे. मग त्या पुसलेल्या जगातले जे जे कुणी त्या वस्तूला ढकलते किंवा ओढते, त्या प्रत्येकाचा एकेक बाण काढायचा. बस्स. यात गणित नाही. पण माझ्या मते अकरावीच्या बलविज्ञानातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच, आणि सगळ्यात घाईत उरकली जाणारीही हीच.

मला ती कळली ती बँकेमुळे. नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. संध्याकाळचे साडेसात वाजलेले, दिवसाचा ताळा जमत नव्हता, त्रेसष्ट रुपयांचा फरक येत होता. मी सरळ ते त्रेसष्ट रुपये सस्पेन्स खात्यात टाकले आणि दोन्ही बाजू जुळवल्या. आमचे जुने हेड क्लार्क चष्म्यावरून पाहत म्हणाले, "हे पैसे कुणी दिले?" म्हटले, माहीत नाही, पण असल्याशिवाय ताळा जमत नाही. ते म्हणाले, "ज्याला देणारा नाही, ती नोंद नाही. शोधा." नऊ वाजता एक व्हाउचर दोनदा चढवलेले सापडले.

नातीचा वर जाणारा बाण म्हणजे माझे सस्पेन्स खाते. चेंडू वर जातो, त्याचा हिशेब लागत नाही, म्हणून एक बळ टाकून द्यायचे. मी तिला एवढेच विचारले, "हा बाण कुणाचा? कोण देतंय हे?"

"हात."

"हात आत्ता चेंडूला शिवतोय का?"

ती गप्प झाली. मग तिने तो बाण खोडला.

एकूण कसोटी एवढीच आहे. आत्ता या क्षणी वस्तूला कोण शिवते आहे? जे शिवते तेच ढकलू किंवा ओढू शकते. न शिवता ओढणाऱ्यांत, या इयत्तेपुरती, एक पृथ्वी. चुंबक आणि विद्युत पुढे येतात. ज्या बाणाला देणारा नाही, तो खोडायचा. आपल्या मराठीत 'बळ' हा शब्द जरा घोटाळ्याचा आहे. बळ अंगात असते, देवाकडे मागतात, पंखांत येते. म्हणून मुलांना वाटते, चेंडूच्या आतही ते भरलेले असेल. त्यापेक्षा 'रेटा' आणि 'ओढ' हे शब्द बरे. रेटा म्हटला की कुणाचा, हा प्रश्न आपोआप येतो.

मुले मूर्ख म्हणून असे चुकतात, असे कुणी समजू नये. हालचाल चालू ठेवायला कुणीतरी हलवणारा लागतो, हे ॲरिस्टॉटलचे मत होते. चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदानने सांगितले की फेकणारा वस्तूत एक प्रेरणा भरून देतो आणि ती तिला पुढे नेते. म्हणजे जवळजवळ माझ्या नातीचा वरचा बाण. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' १६८७ साली आला. जे सोडायला युरोपातल्या मोठ्या डोक्यांना शतके लागली, ते आपण पंचेचाळीस मिनिटांच्या तीन तासिकांत सोडवू पाहतो आणि वर फुली मारतो.

मोठ्या विद्यापीठांतही निराळे नाही. अमेरिकेत ॲरिझोनाच्या डेव्हिड हेस्टेनेस आणि सहकाऱ्यांनी बळाच्या समजुतीची एक छोटी चाचणी छापली. त्यात आकडेमोड नाही, फक्त चेंडू, गाड्या, लिफ्ट अशा रोजच्या गोष्टी. हार्वर्डच्या एरिक मॅझूर यांना वाटले, आपल्या विद्यार्थ्यांना हे फारच सोपे जाईल. त्यांनी ती दिली, तेव्हा एका मुलीने विचारले की उत्तरे तुम्ही शिकवलेत तशी लिहू, की मी एरवी विचार करते तशी? सूत्रे घालून उदाहरणे सोडवणाऱ्या त्या हुशार मुलांपैकी अनेकजण या साध्या प्रश्नांत अडखळले. मॅझूर यांनी आपली शिकवण्याची पद्धतच बदलली.

आता टेबलावरचे पुस्तक घ्या. इथे दोन बाण येतात. पृथ्वी खाली ओढते, टेबल वर ढकलते. पण टेबल ढकलते यावर मुलांचा विश्वास बसत नाही; टेबल बिचारे नुसते उभे आहे. मी नातीला पुस्तक आधी कापसाच्या गादीवर ठेवायला लावले. गादी दबली, दबलेली गादी वर रेटते, हे तिला पटले. मग दोन स्टुलांवर टाकलेल्या पातळ फळीवर ठेवले. फळी जराशी वाकली. मग ग्रॅनाइटच्या ओट्यावर. ओटाही दबतो, फक्त इतका कमी की डोळ्याला दिसत नाही.

या टेबलाच्या रेट्याला पुस्तकात 'नॉर्मल रिॲक्शन' म्हणतात, मराठीत लंब प्रतिक्रिया. हे नाव ज्याने रूढ केले त्याने मुलांचे फार नुकसान केले आहे. प्रतिक्रिया म्हटल्यावर मुलाला वाटते, तिसऱ्या नियमातली क्रिया म्हणजे वजन आणि प्रतिक्रिया म्हणजे हा रेटा. तसे नाही. पृथ्वी पुस्तकाला ओढते, त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढते. टेबल पुस्तकाला रेटते, त्याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला रेटते. जोडीतली दोन बळे कधीही एका वस्तूवर नसतात.

माझी बैलगाडी पन्नास वर्षांनी सुटली ती इथे. मी बँकेत पाचशे रुपये भरले, तर माझ्या वहीत ते बँकेकडून येणे. बँकेच्या वहीत तेच माझे देणे. रक्कम तंतोतंत एक. पण म्हणून कुणी दोन्ही वह्यांतल्या नोंदी एकमेकींत वजा करून 'व्यवहार शून्य' असे लिहीत नाही. वह्या दोन आहेत. अकरावीतल्या मुलाने नेमके तेच केले होते.

नातीने पाठकोऱ्या कागदावर दोन चित्रे काढली. तो कागद शाखा बदलण्याच्या अर्जाचा होता, हे मी पाहून न पाहिल्यासारखे केले. आकडे आम्ही सोयीचे धरले. पहिले चित्र गाडीचे. वजन हजार किलो. बैल पुढे ओढतात ४०० न्यूटन, चाकांशी माती मागे धरते ३०० न्यूटन. उरले १००, गाडीचा वेग दर सेकंदाला दशांश मीटरने वाढतो. दुसरे चित्र बैलजोडीचे. वजन आठशे किलो. गाडी मागे ओढते तेच ४०० न्यूटन. आता बैलांनी गाडीबरोबरच वेग घ्यायचा, तर त्यांना ८० न्यूटन पुढे उरले पाहिजेत. म्हणजे कुणीतरी त्यांना ४८० न्यूटन पुढे रेटते आहे.

"कोण?" मी विचारले.

ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. बैलाला कोण शिवते? जू. आणि...

"जमीन! बैल खुरांनी जमिनीला मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते."

आमचे थोरले काका उसाची गाडी चिखलात रुतली की बैलाला मारणाऱ्यावर ओरडत. म्हणत, "त्याच्या अंगात जोर हाय, पायाला धर न्हाई." मग खुरांखाली पाचट आणि दगड टाकायला लावत. काका चौथी शिकलेले होते. माझा प्रश्न मी सरांऐवजी त्यांना विचारायला हवा होता.

नातीने मग स्वतःहून ताळा घेतला. गाडी आणि बैल मिळून एकच वस्तू धरली तर? मधली ४०० ची ओढाताण आता घरातली झाली. शाखांमधले देणेघेणे मुख्य कार्यालयाच्या एकत्रित ताळेबंदात कटते, तशी ती इथे कटते, आणि फक्त इथेच कटते. बाहेरचे उरले ४८० पुढे, ३०० मागे. १८० भागिले १८००. पुन्हा दशांश.

माझे म्हणणे फार नाही. एच. सी. वर्मा यांच्या १९९२ पासून आपल्याकडे घरोघरी असलेल्या पुस्तकात क्रम स्वच्छ दिलेला आहे: आधी वस्तू ठरवा, मग तिच्यावरची बळे ओळखा, मग चित्र काढा, आणि मग समीकरण. आपल्या क्लासांत मुले थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात, कारण प्रवेश परीक्षेत चार पर्यायांतला एक निवडायचा असतो आणि चित्र कुणी पाहत नाही. पर्यायांना माझा विरोध नाही. हेस्टेनेसची चाचणीही पर्यायांचीच आहे. तिच्यातले चुकीचे पर्याय मात्र मुलांच्या खऱ्या समजुतींतून उचललेले आहेत. पण कॉलेजातल्या चाचण्या तरी हाताने लिहायच्या असतात. तिथे निम्मे गुण चित्राला द्या. सुरुवातीचे पंधरा दिवस एकही सूत्र न देता नुसती चित्रे काढून घ्या, आणि प्रत्येक बाणाखाली देणाऱ्याचे नाव लिहायची सक्ती करा. चुकीच्या बाणावर फुली मारण्याऐवजी 'कोण देते?' एवढे दोन शब्द लिहा. शाईत फारसा फरक पडत नाही. अभ्यासक्रम कसा संपणार, असे शिक्षक विचारतील. तो आजही संपतच असतो. त्याच्याबरोबर काही मुलेही संपतात.

परवा आम्ही लिफ्टचे उदाहरण घेतले. पन्नास किलोची मुलगी लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभी आहे. लिफ्ट दर सेकंदाला दोन मीटरने वेग वाढवत वर निघाली, तर काटा काय दाखवेल? मी उत्साहाने चित्र काढायला घेतले. खाली पृथ्वीची ओढ, ५०० न्यूटन. वर काट्याचा रेटा. आणि शेजारी आणखी एक बाण वर काढला, लिफ्ट वर चालली आहे म्हणून.

नातीने पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली.

"आजोबा," ती म्हणाली, "हा कोण देतंय?"

काटा साठ किलो दाखवतो. मला ते दुसऱ्या खेपेला आले.