छंदाचा रकाना

दहावी-बारावीचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो : ॲनिमेशनला स्कोप आहे का? पत्र बहुधा वडिलांचं. दुसऱ्याच ओळीत कुठल्याशा क्लासची लाखांतली फी आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. परवा मात्र साताऱ्याकडच्या एका मुलीने आपला बायोडेटाच पाठवला. बारावी सायन्स, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड, ध्येय थ्रीडी ॲनिमेटर. मग सॉफ्टवेअरची लांबलचक यादी. आणि अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहावं तसं : छंद – लेझीम, कुत्र्यांचं निरीक्षण, किल्ला.

किल्ला म्हणजे दिवाळीतला. सोबत त्याचा व्हिडिओ होता. मोबाइल विटांवर टेकवायचा, मातीचा मावळा नखभर सरकवायचा, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा. सेकंदाला बारा फोटो. एक मावळा बुरूज चढता चढता थबकतो. मातीच्या मावळ्याची मान काही वळत नाही, म्हणून तिने दोन-तीन फोटोंपुरता तो अख्खाच किंचित मागे कलता ठेवलाय. तेवढ्याने तो घाबरलेला दिसतो. सॉफ्टवेअरची ती यादी खोडली तरी चालेल, छंदाचा रकाना सगळ्यात वर घ्यावा, असं मी तिला कळवलं.

दादासाहेब फाळक्यांनी तरी वेगळं काय केलं? ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं करायचं होतं, तेव्हा कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी फ्रेम-फ्रेम करून टिपली आणि दाखवली. पुढे १९१५च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये आगपेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या. हाताशी होतं ते घेतलं.

ॲनिमेशनच्या कुठल्याही बऱ्या वर्गात पहिला धडा चेंडूचा. तो टप्पे घेताना नुसता वर-खाली गेला की मेलेला दिसतो. वरच्या टोकाला रेंगाळला, खाली येताना वेगाने पडला, की त्याला वजन येतं. रबरी चेंडू आणि लोखंडी गोळा यांतला फरक सेकंदाच्या चोवीस फ्रेममध्ये दाखवता आला पाहिजे. तो दाखवायचं बटण कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतं. डिस्नेच्या दोन बुजुर्गांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात बारा तत्त्वं मांडली ती कागद-पेन्सिलीच्या अनुभवावर; संगणकावर काम करणारेही आज तीच घोकतात. मोठ्या स्टुडिओतले ॲनिमेटर एखादा प्रसंग करण्याआधी कॅमेऱ्यासमोर स्वतः तो करून बघतात. लेझीम खेळणाऱ्या मुलीला भार एका पायावरून दुसऱ्यावर कसा जातो हे अंगाने ठाऊक असतं. कुत्रा बसण्याआधी गोल का फिरतो हे जिने तासन्‌तास पाहिलंय, तिला चार पायांचं पात्र कुणी शिकवायला नको.

शिक्षणाचं म्हणाल तर अहमदाबादची एनआयडी आहे, पदवीनंतर आयआयटी मुंबईतलं आयडीसी आहे. दोन्हीकडच्या प्रवेश परीक्षा हात आणि नजर तपासतात. तिथे नंबर लागला नाही तरी आभाळ कोसळत नाही. ब्लेंडर २००२पासून फुकट आणि खुलं आहे. लाटव्हियाचा ‘फ्लो’ हा मांजराचा संवादहीन सिनेमा त्यावरच झाला आणि २०२५मध्ये ऑस्कर घेऊन गेला. पहिलं वर्ष घरच्या संगणकावर, चेंडू आणि चालीवर घालवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. लाखांचा चेक त्यानंतर.

आता नोकरी. इथे गोड बोलून उपयोग नाही. मुंबईतल्या स्टुडिओंत पुष्कळशी भरती व्हीएफएक्सच्या कामाला होते, आणि नवख्याच्या वाट्याला येतो तो रोटो : चालत्या दृश्यातल्या नटाची कड फ्रेममागून फ्रेम कापत बसायचं. नट तुम्ही हलवत नाही, त्याच्या हालचालीमागे फरपटता. शिवाय हे काम आता एआयही भराभर उचलतंय. धंद्याचीही शाश्वती नाही. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूजचे मुंबई-हैदराबादेतही स्टुडिओ होते. २०१३च्या फेब्रुवारीत त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्या सिनेमाच्या व्हीएफएक्सला ऑस्कर मिळालं. २०२५च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ही आणखी एक व्हीएफएक्स कंपनी कोसळली, तेव्हा भारतातल्या हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. हे वाचून मुलीने माघार घ्यावी असं मी म्हणणार नाही. आईवडिलांनी मात्र हे वाचूनच हो म्हणावं.

आणि क्लासवाल्याला दोन गोष्टी विचाराव्यात. मागच्या बॅचच्या मुलांचे शोरील, म्हणजे त्यांच्या कामाचे नमुने, दाखवा. निवडक नकोत, सगळ्यांचे. आणि प्लेसमेंट नेमकी कशात : रोटोत, लायटिंगमध्ये, की ॲनिमेशनमध्ये? उत्तर गुळमुळीत आलं तर चहा पिऊन उठावं, फी भरू नये.