हौसेची विंटेज कार विकताय? नफ्यावर कर लागू शकतो!

1983 मध्ये 20 हजार रुपयांना घेतलेली 1931 च्या मॉडेलची फोर्ड टूरर पुढे 21 लाखांना विकली गेली. ‘ही माझी वैयक्तिक वापराची वस्तू आहे, त्यामुळे कर लागत नाही,’ असं विकणाऱ्याचं म्हणणं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते फेटाळलं आणि नफा करपात्र ठरवला. जुनी गाडी दुरुस्त करून प्रदर्शनात मिरवणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल समजून घ्यायला हवा.

नियम काय आहे?

प्राप्तिकर कायद्यानुसार वैयक्तिक वापराच्या वस्तू ‘भांडवली मालमत्ता’ धरल्या जात नाहीत. म्हणूनच घरची रोजची कार विकली, तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही.

मग इथे का लागला?

न्यायालयाच्या मते, गाडी वापरता येण्याजोगी असणं पुरेसं नाही. ती खरोखर वापरली हे दाखवावं लागतं. या प्रकरणात मालक कामावर कंपनीच्या गाडीने जात. फोर्ड राहत्या घरी उभी नसे आणि ती अधूनमधून वापरल्याचाही पुरावा नव्हता.

खरी अडचण कुठे आहे?

2021 मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. गाडी 50 वर्षांहून जुनी हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले नकोत. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये शुल्क आहे, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि नोंदणी 10 वर्षं चालते. पण अशी गाडी रस्त्यावर काढता येते ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं किंवा देखभाल एवढ्यासाठीच.

समजा, जव्हारमधल्या कुणाकडे अशी ‘व्हीए’ नंबरची गाडी आहे. ती घेऊन रविवारी सहज मोखाड्याचा घाट फिरून येणं या यादीत बसत नाही. म्हणजे परिवहन नियम म्हणतो, ‘रोज चालवू नका’ आणि प्राप्तिकर खातं विचारतं, ‘चालवली कुठे ते दाखवा!’ फोर्डची विक्री 2021 च्या कितीतरी आधीची असल्याने हा पेच त्या निकालात आलेला नाही. तो पुढे कुणाच्या तरी प्रकरणात येईलच.

विकण्याआधी काय कराल?

• इंधन, सर्व्हिसिंग, विमा यांच्या पावत्या आणि प्रवासाचे फोटो तारखेनिशी जपा. वापराचा पुरावा तोच.

• गाडी पुन्हा उभी करण्यावर झालेल्या खर्चाची बिलं वेगळी ठेवा. कर लागलाच, तर भांडवली स्वरूपाचा खर्च नफ्यातून वजा मागता येतो. 23 जुलै 2024 पासून दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा दर साधारण 12.5 टक्के आहे.

• विंटेज नोंदणी असेल, तर विक्रीनंतर 90 दिवसांत दोघांनीही, विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, आपापल्या परिवहन प्राधिकरणाला कळवायचं असतं.

• किंमत ठरवण्याआधी सीएचा सल्ला घ्या.

थोडक्यात, गाडी फक्त मिरवण्यासाठी ठेवली असेल, तर हाती येणारी सगळी रक्कम आपलीच, असं गृहीत धरू नका. कराचा हिशेब मांडूनच विकायचं की ठेवायचं ते ठरवा.