मामा, भाचा आणि एकच होडी

मामा-भाच्यांनी एका होडीत बसू नये, असे आपल्याकडे म्हणतात. का, ते कोणी सांगत नाही. आजीने सांगितले, आईने पाळले, एवढाच त्याला आधार. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मी सिडनीला अक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे, गेलो तेव्हा तिने विमानतळावरच मला बजावले, "तुझ्या भाच्याने एक होडी आणून ठेवली आहे. तीत तू पाऊल ठेवायचे नाहीस, सांगून ठेवते!" होडी पाहिली आणि माझा जीव भांड्यात पडला. तीत दोघे बसणे शक्यच नव्हते. एकटा तरी कसा बसतो, हाच प्रश्न होता.

या होडीला तिकडे सर्फस्की म्हणतात. लांबी अठरा-वीस फूट आणि रुंदी जेमतेम दीड फूट; पडवळच म्हणा ना! माणूस हिच्या आत बसत नाही, वर बसतो. पाठीवर एक खोलगट बैठक असते, पुढे पाय लांब करायचे, पायांनीच सुकाणू फिरवायचे आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे मारायचे. बाकी सगळी होडी चहूबाजूंनी बंद आणि आतून पोकळ. अंगावरून लाट गेली तरी ती बुडत नाही. बसणारा मात्र पडतो. हिचे माहेर ऑस्ट्रेलियाच. १९१२ सालच्या सुमारास पोर्ट मॅक्वारीजवळ मॅक्लॅरेन नावाचे भाऊ आपल्या कालवांच्या शेतीवर असल्याच एका वाहनावरून हिंडत. पुढे १९३३ साली सिडनीच्या मॅन्ली किनाऱ्यावरील डॉ. क्रॅकन्थॉर्प यांचे नाव हिच्याशी जोडले गेले. तेव्हा ती लाकडाची असे. फायबरग्लास मागाहून आला.

आमच्या अंगणात आलेली होडी शेजारच्या एका गृहस्थांची होती. वय पंचाहत्तर. तरुणपणी शर्यती मारलेले. दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड बदलले, तेव्हापासून तोल राहीना. एके दिवशी लाटेत पडले, होडी हातची सुटली आणि खडकावर आपटली. अवजड सामान न्यायला नगरपालिकेची गाडी यायची होती, त्या दिवशी त्यांनी ती मुकाट्याने रस्त्याच्या कडेला ठेवून दिली. भाच्याने ती उचलून आणली आणि त्यांना म्हणाला, "मी दुरुस्त करतो. तुम्ही वल्हवायची."

तळाला तळहाताएवढे भोक होते. मला वाटले, ठिगळ लावले की काम झाले. पण भाचा एक नाणे घेऊन भोकाभोवती टकटक करीत बसला. धड जागी नाणे खणखणीत वाजे. थर सुटलेल्या जागी आवाज बद्द येई. भोक तळहाताएवढे, पण बद्द आवाजाची जागा ताटाएवढी निघाली! आधी त्याने बूच काढून आतले पाणी वाहू दिले आणि मग चार दिवस पंखा लावून होडी वाळवली. वजन दोन किलोंनी उतरले. मग सुटलेला भाग कापून भोक हवे तेवढे मोठे केले आणि त्याच्या कडा बाहेरून घासून उतरत्या केल्या. पत्र्याची जाडी तीन मिलिमीटर असेल, तर उतार निदान बारापट, म्हणजे छत्तीस मिलिमीटर हवा. ठिगळ धरते ते या उतारावर.

काचपेपरने घासताना उडणारी ती धूळ! नाकावर पट्टी, हातात मोजे, तरी रात्रभर खाजकुइली लागल्यासारखे अंग खाजत होते. अक्काने आमचे कपडे वेगळे धुतले आणि दोघांनाही वेगळ्या पंगतीला बसवले.

बंद होडीच्या आत हात घालायचा कसा? त्याची युक्ती मला फार आवडली. काचेच्या कापडाचा दोन थरांचा लंबवर्तुळाकार तुकडा राळेत भिजवून आधीच कडक करून घ्यायचा. त्यात दोन दोऱ्या ओवायच्या, कडेला लेप लावायचा, तो आडवा करून भोकातून आत सारायचा आणि दोऱ्या ओढून बाहेर एका काठीला बांधून टाकायच्या. सकाळी तो आतून घट्ट बसलेला असतो. मग त्यावर बाहेरून थरावर थर.

रेझिनला मी राळच म्हणतो. कोकणातल्या लाकडी होड्यांच्या फटीत कापूस ठासून वर तेलराळेचा लेप देत असत. आता आपल्याकडेही मासेमारीच्या होड्या फायबरच्या झाल्या, पण शब्द कशाला टाकावा? ही राळ एपॉक्सीची होती. जुनी होडी पॉलिएस्टरची असली तरी तिच्यावर एपॉक्सी चांगली धरते. उलट केले तर भरवसा नाही. तिच्यात हार्डनर घालायचे ते तोलूनच. चहात साखर जास्त पडली तर चहा गोड होतो, पण इथे हार्डनर जास्त पडले म्हणून राळ लवकर वाळत नाही, उलट कच्ची राहते. तोलण्याचे काम माझ्याकडे होते. कालवलेली राळ खोल भांड्यात ठेवली तर आपल्याच उष्णतेने तापून धुरते, म्हणून लगेच पसरट ताटलीत ओतायची. तिथल्या मे महिन्याच्या थंडीत मात्र ती रात्रभर चिकटच राहिली; शेवटी खोलीतला हीटर होडीशेजारी आणून ठेवला. अक्का म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना नाही लावलास कधी!"

खरा पेच पुढेच होता. भोक बुजले तरी म्हाताऱ्याचा तोल थोडाच परत येणार? उपाय एकच: बैठक खाली घेणे. बसणाऱ्याचे वजन इंचभर खाली आले, तरी होडीचे डोलणे पुष्कळ कमी होते. पण शर्यतवाले मुद्दाम उंच बसतात. त्याने वल्ह्याला जोर येतो. भाच्याने बैठकीभोवती पेन्सिलीने रेघ आखली आणि त्या गृहस्थांना बोलावले. ते बराच वेळ रेघेकडे पाहत उभे राहिले.

"भोक पाडलेस ते चालले," ते म्हणाले, "पण ही बैठक धड आहे."

"बैठक धड आहे," भाचा म्हणाला आणि थांबला. वाक्य त्याने पुरे केले नाही, ते बरे केले. गृहस्थ निघून गेले आणि तीन दिवस फिरकले नाहीत. अक्का, जी गुडघे दुखत असूनही पूजेला खुर्ची घेत नाही, म्हणाली, "बरोबर आहे त्यांचे. कशाला कापता?"

चौथ्या दिवशी ते स्वतःच आले. "काप," म्हणाले आणि आत न येता कुंपणापाशीच पाठ फिरवून उभे राहिले.

बैठकीचा तळ कापून इंचभर खाली बसवला, भोवती पट्ट्या लावल्या, पायाची खुंटी त्या मानाने सरकवली. नॅराबीनच्या संथ खाडीत होडी सोडली. पायाला दोर बांधलेला, कारण माणूस पडला तर वाऱ्याने होडी त्याच्याआधी दूर जाते. जाण्याआधी आणि आल्यावर होडी तोलली, वजन तेच. म्हणजे ठिगळ गळत नव्हते. ते गृहस्थ दोनदा पडले, दोनदा वर चढले, आणि काठाला आल्यावर विचारू लागले, "आणखी अर्धा इंच खाली येईल का?"

भाच्याने समजावले, की त्याहून खाली गेले तर बैठक पाण्याच्या पातळीखाली जाते. पाणी काढायचे भोक वेगात असताना पाणी ओढून टाकते. पण होडी थांबली की त्यातूनच पाणी वर येते.

"ओले व्हायला मी भीत नाही," ते म्हणाले. "पडायला भितो."

मी परत आलो. दिवाळीच्या तोंडावर भाच्याचा निरोप आला: अर्धा इंच खाली घेतली, भोकाला झाकण बसवले. अक्काने खुर्ची अजून घेतलेली नाही.