नोकरी न सोडता युरोपात खेळलेला क्लब

‘सर, नोकरीचा राजीनामा कधी देऊ?’ हा प्रश्न आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. खरं तर त्याला उत्तर नको असतं, परवानगी हवी असते. आणि बाजारात परवानगी देणारे भरपूर आहेत. ‘उडी मारा, पंख आपोआप फुटतील’ असं स्टेजवरून सांगायला काय जातं? हप्ता त्यांना भरायचा नसतो.

अशा भाषणांमध्ये छोट्या फुटबॉल क्लबांच्या गोष्टी हमखास असतात. छोट्याने मोठ्याला हरवलं, म्हणजे तुम्हीही हरवाल. यातलीच एक गोष्ट मी आज घेतोय, पण ती वेगळ्या बाजूने बघू या.

फेरो बेटं. स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मधल्या समुद्रातली १८ बेटं, डेन्मार्कच्या राज्यातली पण स्वतःचा कारभार असलेली. लोकसंख्या साधारण ५४ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. निर्यातीत ९० टक्क्यांहून जास्त वाटा मासळीचा. त्यातलं क्लाक्सविक हे मासेमारीचं बंदर, वस्ती पाच हजारांच्या आसपास. तिथला क्लब केआय.

२०२३ च्या जुलैमध्ये हा क्लब चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या पात्रता फेरीत हंगेरीच्या फेरेन्सवारोशसमोर आला. फेरेन्सवारोश तीनच वर्षांपूर्वी चॅम्पियन्स लीगच्या मुख्य गटात खेळलेला क्लब. घरी सामना ०-० सुटला. मग बुडापेस्टला जाऊन केआयने ३-० ने हरवलं. फेरेन्सवारोशच्या प्रशिक्षकाची नोकरी त्यात गेली. पुढच्या फेरीत स्वीडनचा विजेता हेकेन. घरी परत ०-०, त्यांच्याकडे ३-३, आणि पेनल्टीवर केआय पुढे.

भाषणातली गोष्ट इथे संपते, टाळ्या पडतात. माझ्या मते धंद्याच्या दृष्टीने बघण्यासारखं इथून पुढे आहे.

पहिलं म्हणजे त्या संघातले बरेच खेळाडू अर्धवेळ होते. कुणी सुतारकाम करणारा, कुणी शाळेत शिकवणारा. दिवसा काम, संध्याकाळी सराव. लोक याला ‘जिद्द’ म्हणतात. मी याला खर्चाचा हिशेब म्हणतो. खेळाडूचं घर दुसऱ्या पगारावर चालत असेल, तर युरोपात पहिल्याच फेरीत बाहेर पडलात तरी क्लब बुडत नाही. पुढच्या वर्षी परत यायला जिवंत राहता. फुटबॉलमध्ये काय आणि धंद्यात काय, तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला हजर असणं यालाच पैसे लागतात. (जिब्राल्टरच्या लिंकन रेड इम्प्सने २०१६ मध्ये सेल्टिकला १-० हरवलं. गोल करणारा ली कॅशारो पोलीस खात्यात नोकरीला होता. तोही राजीनामा देऊन मैदानात उतरला नव्हता!)

दुसरी गोष्ट स्पर्धेच्या रचनेतली आहे आणि ती मला सगळ्यात आवडते. आपापल्या देशाच्या विजेत्यांना युएफाने त्या वेळी एक उतरता जिना दिला होता. तिसऱ्या पात्रता फेरीत हरलात तर खालच्या युरोपा लीगचा प्लेऑफ. तिथेही हरलात तर त्याच्या खालच्या कॉन्फरन्स लीगच्या गटात थेट जागा. २०२१ मध्ये ही तिसरी स्पर्धा सुरू झाली, म्हणून हे शक्य झालं. आता केआयचं बघा. मोल्डेला घरी २-१ हरवलं, पण नॉर्वेत जादा वेळेत ०-२ हरले. मग शेरिफ तिरास्पोलशी घरी १-१, तिकडे १-२. लागोपाठ दोन फेऱ्या हरले आणि तरीही युरोपातल्या गटात खेळणारा फेरोंचा पहिला क्लब ठरले. कारण हेकेनला हरवलं त्याच रात्री ही जागा पक्की झाली होती.

गटात नुसता प्रवेश मिळाला म्हणून युएफाकडून २९.४ लाख युरो. तेव्हाच्या भावाने साधारण २६ कोटी रुपये. जिंकलेल्या सामन्याचे ५ लाख आणि बरोबरीचे १.६६ लाख युरो वेगळे. पाच हजारांच्या गावात!

तुमच्या धंद्यात असा जिना आहे का? मसाल्याचा धंदा सुरू करताय आणि सगळी भिस्त एका मॉलच्या ऑर्डरवर आहे. ती हुकली तर काय? तोच माल शेजारच्या चार किराणा दुकानांत, हॉटेलवाल्यांना सुट्या पाकिटात, बचत गटाच्या प्रदर्शनात जाऊ शकतो का? मॉल नाही म्हणाला म्हणून माल घरात पडून राहत असेल, तर तुम्ही जिना बांधलेला नाही, कडा बांधलाय.

आणखी एक. गटातले सामने क्लाक्सविकच्या मैदानावर खेळवता येणार नव्हते, ते युएफाच्या नियमात बसत नव्हतं. मग यांनी नवं स्टेडियम बांधायला घेतलं का? नाही. राजधानी तोर्शहावनमधल्या राष्ट्रीय मैदानावर खेळले. तीन सामन्यांसाठी कर्ज काढून इमारत उभी करणारे उद्योजक मी पाहिलेत. आधी शेड, मग मशीन, मग गिऱ्हाईक शोधायचं, असा उलटा क्रम. दुसऱ्याच्या युनिटमधून जॉब वर्क करून घेण्यात कसला कमीपणा? गिऱ्हाईक पाकिटातला माल बघतं, सातबारा बघत नाही.

त्याच मैदानावर फ्रान्सच्या लिलला त्यांनी ०-० रोखलं, स्लोव्हेनियाच्या ओलिम्पियाला ३-० हरवलं. बाकी चार सामने हरले. गटात शेवटचे आले. हे भाषणात कुणी सांगत नाही, पण मला सांगावंसं वाटतं. शेवटचा नंबर येऊनही तो मोसम क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा ठरला. मोजायचं कशाशी, हे आधी ठरलेलं असलं की शेवटचा नंबरही परवडतो.

‘पण सर, पैसा ओतला की मोठं होता येतंच की!’ होतं ना. वर आलेला शेरिफच घ्या. २०२१ मध्ये त्यांनी रियल माद्रिदला माद्रिदमध्ये २-१ हरवलं. तोही मोल्दोव्हासारख्या छोट्या देशाच्या लीगमधला क्लब. पण त्यामागे शेरिफ नावाची कंपनी आहे, जिची सुपरमार्केटं आणि पेट्रोलपंप त्या भागात सगळीकडे आहेत. तुमच्या मागे अशी कंपनी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, खुशाल उडी मारा. बाकीच्यांनी क्लाक्सविककडे बघावं.

आता पैसे आल्यानंतरचं. २०२४ ची फेरो लीग केआयने नाही, विकिंगुरने जिंकली. कारणांचा कीस मी काढणार नाही, खेळात असं होतंच. पण परिणाम बघा. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत देशाचा विजेताच जातो आणि तो उतरता जिनाही त्याच दारातून सुरू होतो. म्हणजे २६ कोटींचा रस्ता सुरू होतो तो घरच्या लीगमधल्या शेजारच्या गावाविरुद्धच्या सामन्यापासून. तिथे ना कॅमेरे असतात, ना लिल.

राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलेल्यांनी एक काम करा. गेल्या तीन महिन्यांत परत फिरून आलेली गिऱ्हाईकं किती, ते वहीत लिहा. नातेवाईक आणि मित्र त्यातून वगळा. मग त्या आकड्यावर घरखर्चाचे किती दिवस निघतात ते मांडा. पुढच्या व्हिडिओत आपण तोच तक्ता भरणार आहोत, वही घेऊनच बसा.