टाइमशीट भरून मॅच जिंकता येत नाही

मंडळी, या वीकेंडला फुटबॉल. आपला पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकन. ज्यांना त्यात रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, पुढे क्रिकेट येणार आहे आणि ऑफिसही. :-)

मी राहतो कोलंबस, ओहायोमध्ये. इथे शनिवारी कॉलेजची मॅच असली की किराणा दुकानातला माणूससुद्धा बिल करता करता स्कोअर विचारतो. आणि समोरची टीम धो धो पॉइंट करणारी असली, की टीव्हीवरच्या एक्स्पर्टपासून आमच्या टीममधल्या साठीच्या आर्किटेक्टपर्यंत सगळे एकच गुरुमंत्र देतात. "बॉल आपल्याकडेच ठेवा. रन करा, रन करा, घड्याळ खा. त्यांचा क्वार्टरबॅक बाकावर बसून थोडाच टचडाऊन मारणार आहे?"

ऐकायला एकदम बिनतोड. हा आर्किटेक्ट लहानपणापासून वुडी हेज या कोचचा भक्त. हेज १९५१ ते १९७८ ओहायो स्टेटचे कोच होते आणि त्यांच्या खेळाला 'तीन यार्ड आणि धुळीचा लोट' म्हणत. पास वगैरे चैन नको, बॉल पोटाशी धरायचा आणि माणसांच्या भिंतीत घुसायचं. त्यामुळे इथे हा मंत्र जवळपास धर्म आहे. माझं म्हणणं एवढंच, की रनवर चालणारी टीम धो धो पॉइंट करणाऱ्या टीमला हरवू शकते, अनेकदा हरवलंय, पण घड्याळ खाऊन नाही. जे कोच घड्याळ खायला जातात ते बहुतेक वेळा स्वतःलाच खातात.

नियम दोन ओळींत. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे गेलात की आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही गेलात तर बॉल समोरच्याचा. बॉल घेऊन पळालात तर रन (क्रिकेटची नव्हे), फेकलात तर पास. टोकाला पोचलात तर टचडाऊन, वरच्या किकसकट बहुधा ७ पॉइंट. तिथवर पोचता आलं नाही तर लांबून किक मारून फील्ड गोल, ३ पॉइंट. झालं.

आता बघा. या खेळात बॉल आलटून पालटून मिळतो. तुमचा ड्राइव्ह संपला की त्यांचा, त्यांचा संपला की तुमचा. अपवाद सोडले तर मॅचच्या शेवटी दोघांच्या ड्राइव्हमध्ये फार तर एखाद-दुसऱ्याचा फरक राहतो. तुम्ही एक ड्राइव्ह नऊ मिनिटं रेटलात म्हणून त्यांचे ड्राइव्ह तुमच्यापेक्षा कमी होत नाहीत. दोघांचेही कमी होतात! त्यांना ११ ऐवजी ७ मिळाले तर तुम्हालाही ७च.

म्हणजे घड्याळ खाणं हा पाऊस आहे. ५० ओव्हरची मॅच पावसाने २० वर आली की मनातल्या मनात कोण खूश होतं? कमकुवत टीम. मॅच जितकी छोटी, तितकी नशिबाला जागा मोठी. एवढा फायदा आहे, मी नाही म्हणत नाही. पण किती? इंजिनिअर माणूस आहे, गणित केल्याशिवाय झोप येत नाही. समजा त्यांचा प्रत्येक ड्राइव्ह टचडाऊनमध्ये संपायची शक्यता ५० टक्के आणि आपली ४०. फील्ड गोल सोडून द्या, बरोबरी झाली तर नाणं उडवा. दोघांना १२-१२ ड्राइव्ह मिळाले तर आपली जिंकायची शक्यता येते साधारण ३१ टक्के. आता घड्याळ खाऊन खाऊन मॅच निम्मी करा, ६-६ ड्राइव्ह. शक्यता ३६-३७ टक्के. बस्स! एवढा आटापिटा करून पाच-सहा टक्के. याउलट १२-१२ ड्राइव्ह तसेच ठेवा आणि आपल्या ४० टक्क्यांचे फक्त ४५ करा. शक्यता ४० टक्क्यांवर जाते.

म्हणजे अख्खी मॅच निम्मी करण्यापेक्षा आपले ड्राइव्ह जरासे जास्त वेळा तडीस नेणं भारी पडतं. शंका असेल तर स्प्रेडशीट उघडा, दहा मिनिटांचं काम आहे.

आमच्या धंद्यात याला टाइमशीट म्हणतात. रात्री नऊपर्यंत खुर्चीत बसलेला माणूस आणि काम संपवणारा माणूस यांत फरक असतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त अप्रेझलच्या वेळी मॅनेजरला माहीत नसतं. बॉल किती मिनिटं हातात होता हा आकडा म्हणजे फुटबॉलची टाइमशीट. जिंकणाऱ्याची टाइमशीट भरलेली दिसते, कारण जो पुढे असतो तो शेवटी रन करून वेळ संपवतो. आधी आघाडी, मग घड्याळ. एक्स्पर्ट मंडळी हे उलटं वाचतात.

लगेच कोणी तरी सुपर बोल २५ काढणार, मला ठाऊक आहे. बरोबरच आहे, या धर्माचा तो ग्रंथच. जानेवारी १९९१. बफेलो बिल्स म्हणजे त्या मोसमातली सगळ्यात जास्त पॉइंट करणारी टीम, ४२८. आधीच्या मॅचमध्ये रेडर्सना ५१-३ असं धुतलेलं. समोर न्यूयॉर्क जायंट्स, त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक फिल सिम्स जखमी, बदली म्हणून जेफ हॉस्टेटलर. जायंट्सनी बॉल ४० मिनिटं ३३ सेकंद स्वतःकडे ठेवला आणि २०-१९ ने जिंकले. ऑटिस अँडरसनने १०२ यार्ड पळून मॅचचा मानकरी किताब घेतला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एक ड्राइव्ह साडेनऊ मिनिटांचा! संपला विषय?

नाही संपला. तो साडेनऊ मिनिटांचा ड्राइव्ह मधेच मरायला टेकला होता. तिसरा डाऊन, १३ यार्ड हवेत. तिथे तो कशाने वाचला? पासने. मार्क इंग्रमने छोटा पास पकडला, एकामागून एक बिल्सवाले अंगाला लागलेले झटकत १४ यार्ड काढले. त्याआधी हाफटाइमच्या तोंडावरचा टचडाऊन, तोही पास. आणि बचावात बिल बेलिचिकने काय केलं तर बिल्सच्या पासवर माणसं वाढवली आणि थर्मन थॉमसला पळायला मोकळीक दिली. थॉमस १३५ यार्ड पळाला, म्हणजे अँडरसनपेक्षाही जास्त! बेलिचिकचा तो प्लॅन आज इथून दोनेक तासांवर, कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये ठेवलेला आहे. तिथे घड्याळ नाही ठेवलेलं, प्लॅन ठेवलाय.

आणि एवढं सगळं करून शेवटी काय? स्कॉट नॉरवुडची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली. ती आत गेली असती तर बिल्स २२-२० ने जिंकले असते आणि त्याच ४० मिनिटांना आज आपण 'वेळ घालवत बसले' म्हटलं असतं.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात हा मंत्र पूर्ण उताणा पडतो. २०१९ च्या मोसमातली बाल्टिमोर रेव्हन्स, ५३१ पॉइंट, लीगमध्ये सगळ्यात जास्त, १४ जिंकल्या २ हरल्या. जानेवारी २०२० मध्ये प्लेऑफला टेनेसी टायटन्स आले. टायटन्सकडे डेरिक हेन्री, म्हणजे रेड्याला बूट घातल्यासारखा माणूस. ३० वेळा बॉल घेऊन १९५ यार्ड. क्वार्टरबॅक टॅनहिलने अख्ख्या मॅचमध्ये ८८ यार्डांचे पास टाकले. टायटन्स २८-१२ ने जिंकले.

"बघ, बॉल दाखवलाच नाही रेव्हन्सना!" असं म्हणणार असाल तर थांबा. रेव्हन्सनी त्या दिवशी ५३० यार्ड काढले, टायटन्सनी ३००. बॉल रेव्हन्सना पोटभर मिळाला. पण चौथ्या डाऊनला चार वेळा प्रयत्न केला, चारही फसले. आणि टायटन्सनी? चार टचडाऊन, एकही फील्ड गोल नाही. शिवाय चारांपैकी तीन पासवर आले, त्यातला एक पास चक्क हेन्रीने फेकला! सगळे त्याला अडवायला पुढे धावले, त्याने उडी मारून बॉल मागे टाकून दिला. रनचा खरा उपयोग हा आहे. समोरच्याची माणसं पुढे खेचायची आणि मग मागच्या मोकळ्या जागेत दरोडा घालायचा.

पुढच्याच आठवड्यात हेच टायटन्स कॅन्सस सिटी चीफ्ससमोर १७-७ ने पुढे होते आणि ३५-२४ ने हरले. हेन्री ६९ यार्डांत अडकला. एकदा दोन टचडाऊनने मागे पडलात की रनवाल्या टीमचं इंजिन बंद, कारण आता घड्याळ तुम्हालाच खातंय. म्हणून 'आधी सावध खेळू, शेवटी बघू' ही चाल रनवाल्यांना सगळ्यात महाग पडते.

आपल्याकडे मुंबईच्या खडूस बॅटिंगचं फार कौतुक. मलाही आहे. शिवाजी पार्कवर वाढलेला माणूस विकेट फेकत नाही, दिवसभर खेळपट्टीला चिकटतो. पण ते रणजीत चालतं, कारण तिथे मॅच ड्रॉ होते आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर निकाल लागतो. वेळ काढणं हीच तिथे कमाई आहे. इथे ड्रॉ जवळपास नाहीच. वेळ काढून तुम्ही कशाची वाट बघताय?

मग रनवाल्याने करायचं काय? माझ्या मते एकच मोठी गोष्ट, जी बहुतेक कोच घाबरून करत नाहीत. चार डाऊन असतात, ते चारही वापरायचे. तीन प्रयत्नांत १० यार्ड काढायचे तर दर खेपेला ३.३३ लागतात, चारांत काढायचे तर २.५. वुडी हेज यांच्या त्या तीन यार्डांचे चार डाऊनमध्ये १२ होतात हो! आणि हे लोक तिसऱ्या डाऊननंतर दोन यार्ड बाकी असताना बॉल किक मारून परत देतात, तेही अशा टीमला जी प्रत्येक दुसऱ्या ड्राइव्हला टचडाऊन करते. गोललाइनजवळ जाऊन तीन पॉइंटवर समाधान मानणं तसंच. ते सात-सात करतायत, तुम्ही तीन-तीन. हा हिशोब कुठल्या घड्याळाने जुळणार आहे?

आणि हे सगळं नीट करूनही हरता येतं. सप्टेंबर २०१८, आर्मी विरुद्ध ओक्लाहोमा. आर्मी म्हणजे वेस्ट पॉइंटची कॅडेट पोरं, वजनाने कमी, देशभरातले मोठे खेळाडू त्यांच्याकडे जात नाहीत, म्हणून रनच रन. समोर कायलर मरे, जो त्या वर्षी हाइझमन ट्रॉफी घेऊन गेला. आर्मीने बॉल ४४ मिनिटं ४१ सेकंद ठेवला. ८७ प्ले खेळले, ओक्लाहोमाला मिळाले ४०. जगात याहून भरलेली टाइमशीट मी पाहिली नाही. ६० मिनिटांनंतर स्कोअर २१-२१ आणि ओव्हरटाइममध्ये ओक्लाहोमा २८-२१. त्या पोरांनी केलं ते अचाटच होतं, टोपी काढतो. पण ते बरोबरीला आले ते तीन टचडाऊनमुळे. तीनाचे चार झाले असते तर ४० मिनिटं पुरली असती.

असो. आता इथल्या जखमेवर मीठ. :-) २०२१ मध्ये ओहायो स्टेट देशात सगळ्यात जास्त पॉइंट करणारी कॉलेज टीम होती. मिशिगनने २९७ यार्ड रन काढून त्यांना ४२-२७ असं झोपवलं. हसन हॅस्किन्सचे एकट्याचे पाच टचडाऊन. आर्किटेक्टसाहेब म्हणाले, "बघ, घड्याळ." अहो, ४२ पॉइंट! ज्याने ४२ केले त्याला घड्याळाची काय पडलीय?

खरी गंमत २०२४ ची. मिशिगनचे पास मिळून ६२ यार्ड, टीम रडतखडत चाललेली. ओहायो स्टेटकडे जेरेमाया स्मिथसारखे पकडणारे. खोऱ्याने पॉइंट ओढायची ऐपत यांची होती, आणि हेच त्या दिवशी पुन्हा पुन्हा मधल्या भिंतीत रन मारत बसले. म्हणजे पाऊस पडावा म्हणून बलवान टीमनेच होम केला. १३-१० ने हरले, आपल्याच घरच्या मैदानावर. त्यानंतर प्लेऑफमध्ये याच पोरांनी बॉल हवेत सोडला, टेनेसीला ४२ लावले, ऑरेगॉनला ४१ लावले आणि चॅम्पियन झाले.

सोमवारी आर्किटेक्टसाहेबांना विचारलं, आता काय म्हणता? म्हणाले, "त्या दिवशी आपण रन नीट केली नाही."