आधी भिंग, मग पॉलिशपेपर

जुनी सायकल हाती आली की आपण पहिले काय करतो? पॉलिशपेपरने गंज खरवडतो आणि वर रंगाचा हात मारतो. सायकल चकाकते खरी, पण तिच्या वयाचा पुरावा जातो. माझे स्पष्ट मत आहे, की आधी भिंग घ्यावे, घासणे मागाहून.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कारखान्यात बनलेला तीन गिअरांचा ‘एडब्ल्यू’ हब घ्या. त्याच्या कवचावर बहुधा वर्षाचे शेवटचे दोन अंक आणि महिन्याचा क्रमांक ठोकलेले असतात. ५८ आणि ४ दिसले, तर एप्रिल १९५८. मग सायकलही १९५८ ची काय? इथेच पुष्कळ हौशी मंडळी घसरतात! तारीख आहे ती कवचाची. आतली दातेरी चक्रे वेगळ्या दशकातलीही बसतात, आणि चाक तर कोणीही बदलू शकतो. हब मूळचाच असेल, तर सायकल त्यापूर्वी जुळवलेली नाही, एवढेच ठामपणे म्हणता येते. म्हणून दोन-चार भागांच्या तारखा ताडून पाहाव्यात.

जपानच्या शिमानो कंपनीने १९७६ पासून अक्षरे योजली: पहिले वर्षाचे, दुसरे महिन्याचे. ‘बीई’ म्हणजे मे १९७७. पण २६ अक्षरे संपल्यावर २००२ साली पुन्हा ‘ए’ आले. तेव्हा तोच ‘बीई’ मे २००३ चाही असू शकतो! अशा वेळी भागाची घडण पाहूनच निवाडा करावा लागतो.

तेव्हा रॉकेलच्या बोळ्याने चिकटा हलकेच पुसा, दिसेल तो अंक वहीत उतरवा, आणि मग हवा तो रंग द्या.