बांध कुणाचा? ‘आंतरपृष्ठ’ हा शब्द वर्गात हवाच

ऑक्टोबर छाटणी झाली की आमच्या दिंडोरीकडं मुलांच्या बोलण्यात फवारणी येतेच. पाचवीच्या वर्गात थेंब गोल का, हे सांगताना मी पुस्तकी उत्तर दिलं: पृष्ठताण. लगेच एकानं विचारलं, "मॅडम, मग तेच पाणी पाटीवर पसरतं अन् द्राक्षाच्या मण्यावर गोळा होतं, ते कसं?"

पाणी तेच, पृष्ठताणही तोच. माझं उत्तर अर्धवट होतं.

‘पृष्ठभाग’ म्हटलं की मुलांना एकाच वस्तूची वरची बाजू दिसते. दोन पदार्थ जिथं भेटतात त्या हद्दीला विज्ञानात आंतरपृष्ठ म्हणतात. दोन शेतांमधला बांध जसा एकट्याचा नसतो, तसंच. मण्यावरच्या थेंबाला असे तीन बांध असतात: पाणी-हवा, पाणी-मणी आणि मणी-हवा. थेंब पसरणार की गोळा होणार, हे तिघं मिळून ठरवतात. मण्यावर मेणाचा पांढुरका थर असतो, त्याचं पाण्याशी जमत नाही, पाटीचं जमतं. आपण शिकवतो तो पृष्ठताण म्हणजे फक्त पाणी-हवा या बांधावरचा ताण, 25 अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे 0.072 न्यूटन.

आता पालकांसाठी. औषधात स्टिकर टाकतात ते याच कारणानं. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडं ओढलं जातं, दुसरं पाणी टाळतं, म्हणून तो नेमका बांधावर जाऊन बसतो. पंपभर पाण्याला थोडंसंच पुरतं ते यामुळं. बांध भरला की जास्तीचे रेणू पाण्यातच एकमेकांना धरून गोळे करतात, ताण मग फारसा उतरत नाही. "थोडं जास्त टाकू" यात पैसेच जातात.

प्राथमिकला एवढा जड शब्द कशाला, असं काही सहकारी म्हणतात. मला पटत नाही. ‘प्रकाशसंश्लेषण’ आपण पाठ करून घेतोच की! आणि मोबाईलमुळं ‘इंटरफेस’ काहींच्या कानावर असतोच. शब्द तोच आहे.

दुसऱ्या दिवशी अळूचं पान, पाटी आणि शाम्पूची पुडी नेली. पानावरच्या गोल थेंबाला शाम्पूत बुडवलेली काडी लावली. थेंब बसला. मागून आवाज आला, "मॅडम, बांध फुटला!"

फुटला नव्हता, ताण उतरला होता. ते मी पुढच्या तासाला सांगितलं.